दिसलेले घर

"ते घर मला दिसून राहिलं होतं, ताई," बुद्धिबळाचा डाव संपल्यावर समोर बसलेले काका म्हणाले आणि स्कोअरशीटवर सही करून त्यांनी पेनाचे टोपण लावले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, स्वतःवरचा रागही नव्हता. समोरच्या बाईला, म्हणजे मला, निकालाबरोबर आणखी एक गोष्ट ठाऊक असावी, एवढ्यासाठी ते बोलले असावेत. मे महिन्यातली ती एक साधी खुली स्पर्धा होती. नागपुरात मे महिन्यात दुपारी माणसे घराबाहेर पडत नाहीत, पण बुद्धिबळाच्या स्पर्धा मात्र नेमक्या याच दिवसांत भरतात, कारण मुलांना सुट्ट्या असतात. सभागृहाच्या दोन्ही टोकांना कूलर घरघरत होते, ओल्या वाळ्याचा वास पटांवरून फिरत होता, आणि कूलरच्या झोताने उडू नयेत म्हणून प्रत्येकाने आपली स्कोअरशीट पाण्याच्या बाटलीखाली दाबून ठेवली होती. मी जिंकले होते. तरीही परतताना धरमपेठेपासून घरापर्यंत माझ्या डोक्यात माझी एकही चाल नव्हती. काकांनी न खेळलेली चाल तेवढी होती.

स्थिती अगदी थोडक्या मोहऱ्यांची होती. (पटाच्या उभ्या स्तंभांना ए ते एच ही अक्षरे आणि आडव्या रांगांना १ ते ८ हे आकडे असतात; घराचे नाव त्या दोहोंवरून.) माझा पांढरा राजा ई-६ वर, त्याच्या पाठीशी ई-५ वर माझे एकुलते एक प्यादे, आणि माझा हत्ती नुकताच ए-७ वर आलेला. काकांचा राजा ई-८ वर आणि त्यांचा हत्ती ई-१ वर, माझ्या प्याद्याच्या मागे. हत्ती ए-८ वर नेऊन मात करण्याची माझी धमकी होती. हत्ती आडवा घालून ती टाळावी तर हत्तींची मारामारी होऊन उरलेला प्याद्याचा डाव हरलेला होता. म्हणजे राजाला हलणे भाग होते, आणि जायला दोनच घरे होती: एका बाजूला डी-८, दुसऱ्या बाजूला एफ-८. दोन्ही एकेका पावलावर, दोन्ही शेवटच्या रांगेत, आणि दोन्ही घरांवर मी तोच शह देणार होते. पट न शिकलेल्या माणसाला विचारले तर तो म्हणेल की यात काय निवडायचे? पण एका घरात बरोबरी होती आणि दुसऱ्यात हार.

याचे कारण पटाच्या रुंदीत आहे. ई स्तंभाच्या एका बाजूला ए, बी, सी, डी असे चार स्तंभ आहेत आणि दुसऱ्या बाजूला एफ, जी, एच असे तीनच. बचाव करणाऱ्याला पुढे आपल्या हत्तीने बाजूने शह देत राहायचे असते, आणि शह देणारा हत्ती जितका दूर तितका तो सुरक्षित. जवळ असला की समोरचा राजा त्याच्यावर चालून येतो किंवा मध्ये हत्ती घालून शह अडवतो. म्हणून लांबची बाजू हत्तीसाठी मोकळी ठेवायची आणि राजाने आखूड बाजूला जायचे. काकांनी राजा एफ-८ वर नेला असता, तर माझ्या शहानंतर तो जी-७ वर गेला असता. मी प्याद्याला आधार द्यायला हत्ती ई-८ वर आणला असता, त्यावर त्यांचा हत्ती ए-१ वर गेला असता, आणि पुढे मी काहीही केले तरी बाजूच्या शहांमधून माझी सुटका नव्हती. ते शह टाळायला मी हत्ती डी-८ वर घेतला असता, तर त्यांचा हत्ती परत ई-१ वर येऊन प्याद्यामागे बसला असता. अठराव्या शतकातला फ्रेंच खेळाडू फिलिडोर याने हत्ती आणि प्यादे विरुद्ध हत्ती या डावातला मूळ बचाव १७७७ मध्ये छापला. तेव्हापासून या पाच मोहऱ्यांवर इतके लिहिले गेले आहे की गंभीरपणे खेळणाऱ्या कोणालाही हा भाग टाळता येत नाही.

मला तो नियम ठाऊक होता, आणि माझ्या अस्वस्थतेचा मोठा भाग तिथेच आहे. हत्ती ए-७ वर ठेवून मी घड्याळ दाबले त्या क्षणी दोन्ही घरे माझ्या डोळ्यांपुढे होती. काका विचारात पडले. त्यांच्या घड्याळात फारसे काही उरले नव्हते. प्रत्येक चालीमागे मिळणाऱ्या थोड्या सेकंदांवर ते तगून होते. मी एफ-८ कडे बघायचे टाळले. समोरच्या खेळाडूची नजर कुठे जाते हे अनुभवी माणसे टिपतात, म्हणून मी ए स्तंभाकडे बघत बसले, जणू माझे सगळे लक्ष माझ्या हत्तीवरच आहे. यात नियमबाह्य काही नाही. पण त्यांनी चूक करावी अशी इच्छा मी इतक्या स्पष्टपणे मनात धरून बसले होते, की त्यांचा हात राजाकडे गेला तेव्हा माझा श्वास अडकला. हात क्षणभर राजावर थांबला. मग राजा डी-८ वर गेला. मला हायसे वाटले आणि त्याच वेळी पोटात खड्डा पडल्यासारखे झाले; या दोन भावनांपैकी आधी कोणती आली हे मला आजही सांगता येत नाही.

पुढचे सगळे पुस्तकाप्रमाणे झाले. शह, राजा सी-७ वर, माझा हत्ती ई-८ वर. काकांनी हत्ती एच स्तंभावर नेला, पण त्या बाजूला तीनच स्तंभांचे अंतर होते आणि ते पुरले नाही.

आपल्याकडे डाव संपल्यावर दोघांनी मिळून तो पुन्हा मांडून बघण्याची पद्धत अजून टिकून आहे, निदान वडीलधाऱ्या खेळाडूंत. सभागृहाबाहेरच्या व्हरांड्यात दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणि एक मोकळा पट होता. बाहेरचे ऊन इतके पांढरे होते की व्हरांड्याच्या कडेला उभ्या असलेल्या पालकांचे चेहरे दिसत नव्हते. काकांनी स्वतःच ती स्थिती मांडली. मी राजा एफ-८ वर ठेवला आणि पुढची ओळ दाखवली. त्यांनी मान हलवली आणि मग ते वाक्य पुन्हा उच्चारले, या वेळी पुढच्या भागासकट: "दिसून राहिलं होतं. पण तिकडे गेलो तर राजा कोपऱ्यात जातो. अन् इकडे आलो तर सी-७ वरून पुढे बी-७, तुमच्या हत्तीवरच हल्ला." मी पटाकडे बघत राहिले. त्यांचे म्हणणे चुकीचे होते, पण ते म्हणणे होते. हत्ती ए-८ वर शह देणार, मग राजाने त्याच हत्तीच्या दिशेने चालावे आणि त्याला हुसकावून एक चाल मिळवावी, हा विचार खेळातून आलेल्या शहाणपणाचाच होता. राजाने मोकळ्या जागेकडे जावे, कोपऱ्याकडे जाऊ नये, असेच आपण प्रत्येक नवशिक्याला सांगतो. काकांनी आयुष्यभर उपयोगी पडलेल्या दोन चांगल्या सवयींवर विश्वास ठेवला, आणि पटावरच्या असंख्य स्थितींपैकी ही नेमकी अशी होती की जिथे दोन्ही सवयी दगा देतात.

घरी आल्यावर मी ती स्थिती संगणकावर घातली. इथे इंजिनाच्या, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रामच्या, मताचाही प्रश्न नव्हता. सात मोहऱ्यांपर्यंतच्या सगळ्या स्थितींचे निकाल टेबलबेसमध्ये साठवलेले आहेत. २०१८ मध्ये सिझिजी टेबलबेस सात मोहऱ्यांपर्यंत पोहोचला, आणि पाच मोहऱ्यांचा प्रश्न तर त्याच्या कितीतरी आधी सुटलेला होता. त्यामुळे पडद्यावर दोन घरांसमोर दोन शब्द उमटले: एकासमोर बरोबरी, एकासमोर हार. त्यात शंकेला जागा नव्हती, तशी कशाचीच जागा नव्हती. कोपऱ्याची भीती, हत्तीला हुसकावण्याचा मोह, संपत आलेले घड्याळ, यांतले काही त्या शब्दांच्या आसपास नव्हते. मी संगणकाविरुद्ध नाही. त्याच्याशिवाय आज अभ्यास करता येत नाही आणि करूही नये. पण स्पर्धेनंतर व्हरांड्यात उभी असलेली मुले मोबाइलवर डाव टाकतात, लाल रंगातली दोन प्रश्नचिन्हे बघतात आणि "ब्लंडर होता" एवढे म्हणून पुढे जातात, तेव्हा मला वाटते की विश्लेषण जिथे सुरू व्हायला हवे त्या जागेवर ती येऊन थांबली आहेत. कोणती चाल बरोबर होती हे कळले. ती दिसत असताना का नाकारली, हे कोणी विचारले नाही.

मला खेळ शिकवला तो माझ्या आजोबांनी, महालातल्या जुन्या घरात, उन्हाळ्याच्या दुपारी. दारांना ओले पडदे लावलेले असत, खोलीत अंधार असे, आणि लाकडी मोहऱ्या हाताला गार लागत. आजोबांना स्पर्धा, रेटिंग यांतले काही माहीत नव्हते. पण त्यांचा एक नियम होता. चाल परत घ्यायला ते परवानगी देत, मात्र त्याआधी पहिली चाल का केली होती ते मोठ्याने सांगावे लागे. "अशीच केली" हे उत्तर चालत नसे. तसे म्हटले की चाल तशीच राही. त्यामुळे मला फार लहानपणी एक गोष्ट कळली, की मी जवळजवळ कोणतीही चाल अशीच करत नाही. वजीर गमावणाऱ्या चालीमागेही काहीतरी असते: एखादी धमकी दिसलेली असते, एखाद्या घराची भीती असते, मागच्या डावात बसलेला फटका असतो. ते कारण उच्चारताना बरेचदा माझे मलाच त्यातले भोक दिसे आणि आजोबांना बोलावेच लागत नसे.

मोठ्या खेळाडूंच्या हुकलेल्या चाली मी याच नजरेने बघत आले आहे. सोचीमधला २०१४ चा जगज्जेतेपदाचा सामना आपल्यापैकी अनेकांनी जीव मुठीत धरून पाहिला. सहाव्या डावात कार्लसनने सव्विसाव्या चालीला राजा डी-२ वर नेला आणि लगेच त्याला आपली चूक कळली. आनंदच्या घोड्याने ई-५ वरचे प्यादे मारायचे होते. पांढऱ्याने हत्ती मारला असता, तरी घोडा शहासह सी-४ वरचे प्यादे घेऊन आणि आणखी एक शह देऊन मोकळा झाला असता, मग काळ्याने हत्ती परत मारला असता आणि काळी बाजू दोन प्यादी वर राहिली असती. आनंदने सुमारे एक मिनिट घेतले आणि ए स्तंभावरचे प्यादे एक घर पुढे ढकलले. तो डाव तो हरला. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि लोक "इतकी सोपी चाल" असे म्हणत होते ते मला आत कुठेतरी लागत होते. त्या डावात आनंद बराच वेळ अवघड बाजू सांभाळत होता. सहन करण्याची तयारी झालेले मन समोरच्याच्या हातून काही निसटेल याचा शोधच घेत नाही. ते आपल्या भिंतीतल्या फटी बुजवत बसते. ए-४ ही तशी फट बुजवणारी चाल होती. घोड्याची चाल त्याने पारखून नाकारली असे झालेच नाही, ती त्याच्या विचाराच्या वाटेवर आली नाही. काकांच्या एफ-८ पेक्षा हे हुकणे वेगळ्या जातीचे आहे, आणि मला वाटते अधिक क्रूर.

याच्या पलीकडचेही एक हुकणे आहे, ज्याला मी हुकणे म्हणायला तयार नाही. २०१८ साली लंडनमध्ये कारुआना आणि कार्लसन यांच्या जगज्जेतेपदाच्या सामन्यातल्या सहाव्या डावात, अडुसष्टाव्या चालीला, काळ्याला, म्हणजे कारुआनाला, जिंकण्याची एक वाट होती. उंट एच-४ वर न्यायचा आणि मग आपला घोडा जी-१ वर, पटाच्या कडेला, जिथे तो स्वतःच कोंडला जातो. महासंगणकाने ती वाट दाखवली आणि जगभर बातमी झाली की कारुआनाने विजय घालवला. माजी जगज्जेते कास्पारोव्ह यांचे म्हणणे मात्र असे होते की ती चाल खरोखर खेळली गेली असती, तर लपवलेले यंत्र शोधायला लगेच मेटल डिटेक्टर मागवावे लागले असते, कारण आपला घोडा आपणहून असा कोंडून घेणे माणसाला सुचणारच नाही. तो डाव बरोबरीत सुटला आणि माझ्या मते तेवढाच त्याचा न्याय्य निकाल होता. जी चाल कोणत्याही माणसाच्या मनात उगवू शकत नाही, ती न केल्याचे ओझे माणसाच्या खांद्यावर कशाला ठेवायचे?

पण काकांच्या मनात एफ-८ उगवली होती.

जिंकणाऱ्याने प्रतिस्पर्ध्याच्या हुकलेल्या चालीचे काय करावे, याबद्दल मी बरीच मते ऐकली आहेत. माझ्याबरोबर खेळणारी एक मैत्रीण म्हणते की नियम माहीत असणे हाही खेळाचाच भाग आहे. तू तो शिकलीस, त्यांनी शिकला नाही, गुण तुझा. हे खरे आहे आणि मी तो गुण परत द्यायला निघालेली नाही. तरीही जिंकलेल्या डावाकडे हरलेल्यासारखे बघता येणे मला महत्त्वाचे वाटते. गेल्या वर्षी, २०२५ च्या जुलैमध्ये, बाटुमीला महिला विश्वचषकाची अंतिम लढत झाली तेव्हा आपले शहर रात्री उशिरापर्यंत वेगळ्याच गोष्टी बोलत होते. एरवी पोह्यांवरच्या तर्रीची चर्चा करणारी माणसे हत्तीच्या डावावर बोलत होती. क्लासिकल, म्हणजे जास्त वेळाचे, डाव बरोबरीत सुटले, टायब्रेकरमधला पहिला रॅपिड, म्हणजे कमी वेळाचा, डावही बरोबरीत सुटला, आणि दुसऱ्या डावात काळी मोहरी घेऊन आपल्या नागपूरची दिव्या देशमुख कोनेरू हम्पीला हरवून जिंकली. त्याच विजयाने ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली. त्या शेवटच्या डावाच्या अंतिम टप्प्यात, घड्याळ अंगावर येत असताना, दोन्ही बाजूंनी संधी आल्या आणि गेल्या. लगेचच्या बोलण्यात, डोळ्यांतले पाणी पुरते वाळले नसताना, दिव्या म्हणाली की तिला एंडगेम शिकायलाच हवा, आपण मध्ये कुठेतरी गडबड केली. एकोणीस वर्षांची मुलगी विश्वचषक हातात यायच्या आधी त्या डावातली भोके मोजत होती. तिच्याविषयीचा माझा अभिमान पदकापेक्षा त्या वाक्याशी अधिक जोडलेला आहे.

या शहरात आता रौनक साधवानी, संकल्प गुप्ता आणि दिव्या असे ग्रँडमास्टर आहेत, आणि त्यामुळे प्रत्येक वस्तीत कोणीतरी मुलांना बुद्धिबळ शिकवते. आमच्या सोसायटीच्या वाचनालयात संध्याकाळी मीही शिकवते. त्या स्पर्धेनंतर मी काकांची ती स्थिती मुलांपुढे मांडू लागले, पण निकाल न सांगता. काळ्याची चाल आहे, दोन घरे आहेत, कुठे जाल आणि का, एवढेच विचारते. बहुतेक मुले डी-८ निवडतात आणि कारण तेच देतात जे व्हरांड्यात काकांनी दिले होते: कोपऱ्यात जायचे नाही आणि पुढे हत्तीवर हल्ला करता येतो. दहा वर्षांच्या मुलांच्या तोंडून सत्तरीच्या माणसाचे तर्कशास्त्र जसेच्या तसे ऐकताना मला दर वेळी आश्चर्य वाटते, आणि त्या डी-८ विषयीचा माझा आदर वाढत जातो. त्या वेळी मी त्यांना चूक म्हणत नाही. मी पांढऱ्याकडून खेळते, हत्ती ई-८ वर आणते आणि त्यांना शह देऊन बघू देते. एच स्तंभावरून शह देताना माझा हत्ती मध्ये आला की त्यांचे त्यांनाच कळते.

मागच्या आठवड्यात एका मुलाने मात्र थेट एफ-८ सांगितले. का, असे विचारल्यावर तो म्हणाला, "तिकडे जास्त मोकळं आहे." उत्तर बरोबर होते आणि कारण उलटे होते, कारण तीच तर आखूड बाजू. माझी पंचाईत झाली. त्याला शाबासकी दिली असती तर तो चुकीचे कारण घेऊन घरी गेला असता आणि पुढे कधीतरी, प्यादे डी स्तंभावर असताना, त्याच कारणाने हरला असता. मी शाबासकी दिली नाही. शह दिला, त्याने राजा जी-७ वर नेला, मी हत्ती ई-८ वर आणला आणि आता काय, असे विचारले. तो अडला. शेजारी बसलेल्या मुलीने पटावर वाकून काळा हत्ती उचलला आणि ए-१ वर ठेवला. "इथून शह देईन. हा लांब आहे, राजा पोचणार नाही." मी विचारले, लांब म्हणजे किती? तिने बोटाने ए, बी, सी, डी मोजले, मग दुसऱ्या बाजूला एफ, जी, एच मोजले, आणि थांबली. मुलाने तिच्या बोटाकडे पाहिले, मग आपल्या राजाकडे. "म्हणजे राजा डी-८ वर गेला असता तर याच्याच वाटेत आला असता," तो म्हणाला, आणि त्याने मोहरी उचलून स्थिती पुन्हा पहिल्यापासून मांडायला घेतली, या वेळी प्यादे डी-५ वर ठेवून.